कवटीचे माप आणि ठोशाचा हिशेब

मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेसाठी इतिहासावर काही लिहा असा निरोप आला, तेव्हा घरच्यांना वाटले की मी असीरगडावर किंवा कुंडी भंडाऱ्यावर लिहीन. त्या विषयांवर माझ्यापेक्षा जाणकार माणसे आपल्या गावात आहेत. मी चाळीस वर्षे दवाखान्यात बसलेला माणूस. माझा विषय तिथूनच उठून आला आहे आणि त्याचे मूळ शोधता शोधता मी इतिहासात जाऊन पोहोचलो.

गेल्या पावसाळ्यात शनवाऱ्याच्या बाजूचे एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन आले. गृहस्थ ऐंशीच्या घरातले, तरुणपणी तालमीतले नावाजलेले. नातू सतरा वर्षांचा, बॉक्सिंग शिकणारा. निवड चाचणीसाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. बोलता बोलता कळले की दहा दिवसांपूर्वी सरावात जबड्यावर ठोसा बसून मुलाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती. तेव्हापासून डोके दुखत होते, झोप नीट लागत नव्हती आणि पुस्तक उघडले की अक्षरे हलल्यासारखी वाटत होती.

आजोबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या चार पिढ्या तालमीत गेल्या. आमचं हाडच निराळं आहे. एखाद्या बनियाच्या पोराला असं झालं असतं तर मीही घाबरलो असतो." एवढे बोलल्यावर समोर कोण बसले आहे ते त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी जीभ चावली. मी हसलो. म्हणालो, "काका, दक्षिण महाराष्ट्रातले जैन शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आखाड्यात उतरत आले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांच्यातलेच, त्यांनाही कुस्तीचा शौक होता. पण ते राहू द्या. दाखला मी आज देणार नाही."

काका नाराज होऊन गेले. त्यांना मी दवाखान्यात जे पुरते सांगू शकलो नाही ते इथे सांगतो. प्रश्न एवढाच आहे: ठोसा खाणाऱ्याला किती इजा होईल हे त्याच्या कुळावर, वंशावर ठरते का?

आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे मी उपदेशकाच्या आसनावर बसलेलो नाही हे आपल्याला कळेल. माझे शिक्षण होमिओपॅथीचे. रोग्याच्या घराण्याची चौकशी करण्यावर आमच्याकडे फार भर असतो. आजोबांना काय होते, आजीला काय होते, हे आम्ही केसपेपरवर बारकाईने लिहितो. पंचवीसेक वर्षांपूर्वी असाच एक तरुण पहिलवान आला होता. आखाड्यात डोक्यावर आपटला होता, डोके जड वाटत होते. मी त्याच्या वडिलांची, आजोबांची कुस्ती विचारली, घराणे दणकट असे लिहिले, गोळ्या दिल्या आणि चार दिवसांनी आखाड्यात जायला हरकत नाही असे सांगितले. किती वेळा आपटला, उलटी झाली का, मधला काही वेळ आठवत नाही असे होते का, यातले एकही मी विचारले नाही. आठवड्यात तो पुन्हा पडला. मेंदूवर रक्त साकळले म्हणून त्याला इंदूरला न्यावे लागले. जीव वाचला, पण उजवा हात आणि वाचा पूर्ववत झाली नाही. आजही बाजारात भेटला की तो डाव्या हाताने नमस्कार करतो. त्या नमस्काराला काय उत्तर द्यावे ते मला अजून उमगलेले नाही.

माझ्या केसपेपरवरच्या त्या 'दणकट घराणे' या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. तो आता पाहू.

४ जुलै १९१० रोजी अमेरिकेतल्या रेनो या गावी जॅक जॉन्सन आणि जेम्स जेफ्रीज यांची लढत झाली. जॉन्सन हा जगज्जेतेपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णी हेवीवेट. ते पद त्याने १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सकडून जिंकले होते. गोऱ्या समाजाला ते सहन होईना, म्हणून निवृत्त झालेल्या जेफ्रीजला पुन्हा रिंगणात आणले गेले. त्या काळी सर्रास असे बोलले जाई की काळ्या माणसाची कवटी जाड असते, तिच्यावर ठोशाचा परिणाम होत नाही, मात्र त्याचे पोट कमजोर आणि काळीज भित्रे असते. जॉन्सनने पंधराव्या फेरीत जेफ्रीजला हरवले. त्यानंतर अमेरिकेत अनेक शहरांत दंगली झाल्या, माणसे मेली, आणि १९१२ साली अशा लढतींच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली.

'जाड कवटी' हा वरवर गौरव वाटतो. पण त्याचा व्यवहारातला अर्थ असा की याला कितीही मारा, याला दुखत नाही. ज्याला दुखत नाही त्याची लढत वेळेवर कोण थांबवणार? त्याला डॉक्टरकडे कोण नेणार? वंशाच्या नावाने केलेली अशी स्तुती शेवटी त्याच माणसाच्या जिवावर उठते.

हे अमेरिकेतले झाले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याकडे इंग्रजांनी हाच विचार लष्करात पक्का केला. १८५७ नंतर, विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना, १८८५ ते १८९३ या काळात, 'लढाऊ जाती'ची कल्पना मूळ धरून बसली. उत्तरेकडचे लोक जन्मजात लढवय्ये आणि दक्षिणेकडचे मवाळ, असा तो हिशेब. मराठ्यांकडेही संशयाने पाहिले गेले. पुढे पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकून उपासमार सोसत राहिल्या, तेव्हा तो संशय हळूहळू मागे पडला.

सर्वांत मोठा अन्याय महार सैनिकांवर झाला. मुंबई लष्करात ते पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करत होते. १८१८च्या कोरेगावच्या लढाईतल्या शहिदांच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. तरी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची भरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी भरतीसाठी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा सरकारदरबारी दाद मागितली. म्हणजे रेनोला जॉन्सन कवटीच्या गप्पा ऐकत लढत होता, त्याच वर्षी इकडे आपली माणसे शरीराने आम्ही कुणापेक्षा उणे नाही असे कागदावर लिहून देत होती. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. तिचे केंद्र आज आपल्याच राज्यात सागरला आहे. गरज पडली की शरीर लढाऊ ठरते आणि गरज सरली की तेच शरीर नालायक ठरते. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत कुणाची हाडे बदलली नव्हती.

भरती बंद झाली त्याच सुमारास, १४ एप्रिल १८९१ रोजी, आपल्या इथून फार लांब नसलेल्या महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी मुलगा जन्मला. त्या मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरच्या आपल्या ग्रंथात नाकाच्या मापांचे तक्ते वापरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने निराळे नाहीत. नाकाचे माप घेऊन जाती मोजण्याची ही पद्धत हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने भारतात रुजवली होती. १९०१च्या जनगणनेचा प्रमुख तोच होता. त्याच मापांवरून मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये यांनी रिस्लेचा सिद्धांत टिकत नाही असे दाखवले होते आणि बाबासाहेबांनी त्यांचेच तक्ते आधाराला घेतले.

आता कवटीकडे येऊ. घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांना आपण 'युगान्त'मुळे ओळखतो. त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग मात्र मराठी घरांत कमी सांगितला जातो. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला शिकायला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशशुद्धीच्या विचाराचे हे बडे प्रस्थ पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फिशर यांची धारणा अशी होती की युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू असमान असते, त्यामागे त्याची अधिक विकसित बुद्धी आहे, आणि इतर वंशांत तसे आढळत नाही. हे तपासायचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष असा निघाला की असमानता सगळ्याच माणसांत असते, वंशाशी तिचा संबंध नाही. विशीतल्या एका मराठी मुलीने परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या मताविरुद्ध हे लिहून दिले. पुढे आयुष्यभर त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरमापे घेतली. मोजणे त्यांनी सोडले नाही. मोजण्याआधीच निकाल ठरवून ठेवणे मात्र त्यांनी नाकारले.

मला विचाराल तर आमच्या धंद्याने इरावतीबाईंकडून हेच शिकावे.

आता ठोसा लागतो तेव्हा आत काय घडते ते पाहू. समजा दह्याचे मडके आहे. मडके जाड असो की पातळ, त्याला जोराने हिसका दिला तर आतले दही मोडते. मेंदूचे तसेच आहे. तो कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. जबड्यावर बाजूने ठोसा बसला की डोके झटक्याने फिरते, कवटी पुढे जाते, मेंदू मागे राहतो. त्यात मेंदूचे बारीक तंतू ताणले जातात. मेंदू आणि आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा तुटल्या तर रक्त साकळते. जाड हाडाने टाळू फुटणे कदाचित टळेल, आतला हिसका टळत नाही. म्हणूनच डोक्याला बांधायच्या गादीने कापणे, खरचटणे कमी होते, पण मेंदूचा हिसका थांबतो असे म्हणता येत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष तर त्या गादीशिवायच लढले.

१९२८ साली अमेरिकेतले रोगनिदानतज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी निवृत्त मुष्टियोद्ध्यांची अवस्था वैद्यकापुढे मांडली: झोकांड्या जाणे, हात कापणे, बोलणे जड होणे, बुद्धी मंदावणे. रिंगणातले लोक त्याला ठोशांची झिंग म्हणत. १९६९ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट्स या डॉक्टरांनी २२४ माजी व्यावसायिक मुष्टियोद्धे तपासले. त्यांतल्या ३७ जणांत, म्हणजे शंभरात सुमारे १७ जणांत, मज्जासंस्थेची अशी हानी आढळली. ती कशाच्या प्रमाणात वाढत होती? लढतींच्या संख्येच्या आणि किती वर्षे खेळला त्याच्या. १९८२ साली कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळून पुढे दगावला, त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या लढती बारावर आल्या. खेळाचे नियम करणाऱ्यांनीही शेवटी फेऱ्या मोजल्या. त्यांच्या नियमांत वजन आहे, वय आहे, स्त्री-पुरुष भेद आहे. कुळाचा गट कुठेच नाही.

मग आईबापांकडून येणाऱ्या रक्ताला काहीच अर्थ नाही का? असे म्हणालो तर तेही अर्धसत्य होईल. एका बाजूने पाहून निकाल देऊ नये ही आमच्या घरातली जुनी शिकवण आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो.

१९९७ साली अमेरिकेत ३० मुष्टियोद्ध्यांची तपासणी झाली. शरीरात 'एपोई-चार' नावाचा जनुकाचा एक प्रकार असतो, स्मृतिभ्रंशाशी त्याचा संबंध आधीच माहीत होता. ज्यांच्या अंगी तो होता आणि जे पुष्कळ लढती खेळले होते, त्यांचा मेंदू अधिक बिघडलेला दिसला. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठी इमारत बांधू नये. पण लक्षात घ्या की हा जनुक-प्रकार जगातल्या सगळ्या समाजांत सापडतो. सख्ख्या दोन भावांत एकाला असेल, दुसऱ्याला नसेल. आडनावावरून तो ओळखता येत नाही. शिवाय लढती कमी असल्या तर त्याचा जोरही कमी दिसला. रक्त धोका वाढवू शकते, पण ठोसा तर बसावा लागतोच.

दुसरे उदाहरण आपल्या निमाडाच्या फार जवळचे. सिकलसेल. १९१० साली, पुन्हा तेच वर्ष, शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. लोक त्याला बरीच वर्षे काळ्या वंशाचा रोग समजत राहिले. १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत तो आढळला. आज मध्य प्रदेशातले कितीतरी आदिवासी जिल्हे त्याने त्रस्त आहेत, आणि १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम शहडोलहूनच सुरू झाली. ही पेशी मलेरियापासून संरक्षण देते, म्हणून जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे ती टिकली. आफ्रिका असो, अरबस्तान असो की सातपुडा, तिची वाट डासाने आखली आहे, वंशाने नाही.

खेळाडूशी याचा संबंध आहे. आई किंवा बाप अशा एकाच बाजूने हा गुण आलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो. पण कडक उन्हात, पाणी न पिता, दमेपर्यंत राबला तर त्याचे स्नायू विरघळण्याचा धोका असतो. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णी सैनिकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा धोका वाहकांत ५४ टक्के जास्त निघाला. मृत्यूचे प्रमाण मात्र जास्त निघाले नाही. त्या लष्करात पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम कडक आहेत. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. वजन गटात बसावे म्हणून दोन दिवस पाणी तोडणारा, अंगात जाड कपडे घालून पळणारा मुलगा आठवा. भिल्ल-कोरकू पोरे चिवट असतात, त्यांना काही होत नाही, असे म्हणणारे उस्ताद मी पाहिले आहेत. त्या पोराला एक साधी रक्ततपासणी आणि पाण्याची बाटली हवी असते. चिवटपणाची शाबासकी त्याला मारू शकते.

शेवटी, रिंगणात येते कोण? अमेरिकेत आधी आयरिश मुले आली, मग ज्यू आली. बेनी लेनर्ड, बार्नी रॉस हे ज्यू जगज्जेते. तेव्हा लोक म्हणत, ठोसेबाजी ज्यूंच्या रक्तातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती घरे सुस्थितीत आली, मुले दुकानांत आणि महाविद्यालयांत गेली, आणि रिंगणातून ज्यू जवळजवळ दिसेनासे झाले. एका पिढीत रक्त बदलत नाही, घरची परिस्थिती बदलते. आपल्याकडेही बॉक्सिंग आधी पलटणींत, रेल्वेत आणि अँग्लो-इंडियन शाळांत होते. आज भिवानीचे नाव निघते, मणिपूरचे निघते. विजेंदर किंवा मेरी कोम यांच्या मागे त्या गावांतला सराव, उस्ताद आणि नोकरीची आशा आहे. ज्या घरात दुसरी वाट नसते त्या घरातला मुलगा जास्त लढती खेळतो, दुखणे लपवतो, लवकर परततो. कुळाचा इजेशी खरा संबंध बहुतेक वेळा असा, गरिबीच्या दाराने येतो.

आणि कूळ म्हणायचे तरी कशाला? आपले गाव खानदेशाची जुनी राजधानी. फारुकी आले, मोगल आले, मिर्झाराजे जयसिंग इथेच वारले. विणकर, बोहरी, गुजराती, मारवाडी, खानदेशातून वर आलेली आपली मराठी घरे, सगळे ताप्तीचे पाणी प्यायले. आपल्यापैकी कुणी आठ पिढ्यांपलीकडचे नाव सांगू शकेल? मग त्या न आठवणाऱ्या पूर्वजांच्या हाडांवर विसंबून सतरा वर्षांच्या मुलाचा मेंदू पणाला कसा लावावा?

त्या दिवशी मी मुलाला गोळ्या दिल्या नाहीत. हे माझ्या पुडीचे काम नव्हे असे सांगून मेंदूच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली. रक्तस्राव नव्हता. पण डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत सराव बंद, नंतर हळूहळू, असे त्यांनी सांगितले. निवड चाचणी हुकली. मुलगा माझ्यावर रागावला. महिन्याने काका एकटेच आले. गुडघ्याचे निमित्त होते. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझा थोरला भाऊ चाळिशीतच बोबडा बोलायला लागला होता. हात कापायचा. आम्ही समजलो, कुणी करणी केली." मी विचारले, "कुस्त्या किती मारल्या होत्या त्यांनी?" ते म्हणाले, "मोजल्या कुणी?"

वाचकहो, आपल्या घरातले मूल आखाड्यात किंवा रिंगणात जात असेल तर जरूर जाऊ द्या. फक्त एक वही ठेवा. कधी पडला, कधी भोवळ आली, किती दिवस डोके दुखले, पाणी किती प्यायला. घराण्यात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का, सिकलसेलची तपासणी झाली आहे का, तेही लिहा. माझ्या केसपेपरवर घराण्याचा रकाना अजून आहे. त्याच्या वर मी एक नवा रकाना आखला आहे: आजवर डोक्याला मार किती वेळा?